तंबाखू : नाही

माझ्या प्रबंधासाठी तंबाखूला कधीही न शिवलेल्या बारा बायका हव्या होत्या. अकरा मिळाल्या, बारावी मिळेना. ती मिळाली नाही तर सगळं काम सहा महिने पुढे जाणार होतं. ठाकुर्लीच्या घरी हे रडगाणं रोज चालायचं. शेवटी सासूबाई म्हणाल्या, "अगं, मी येते की. मला काय धाड भरलीय?"

चाचणी साधी होती. ठाण्याच्या आमच्या प्रयोगशाळेत कॅफीनची एक गोळी द्यायची आणि मग सहा तास, दर तासाला लाळ घ्यायची. लाळेतलं कॅफीन किती लवकर कमी होतं, त्यावरून यकृतातलं ते मोडणारं एन्झाइम किती जोरात काम करतंय ते कळतं. बिडी-सिगारेटच्या धुरातले काही पदार्थ या एन्झाइमला चेव आणतात, म्हणून तंबाखूची अट. आदल्या दिवसापासून चहाही बंद. तो नेम सासूबाईंनी एकादशीपेक्षा कडक पाळला. फॉर्म मीच भरला. "तंबाखू?" असं विचारल्यावर त्या म्हणाल्या, "इश्श! मी कशाला खातेय?" मी 'नाही'वर खूण केली.

त्यांचं कॅफीन भराभर उतरलं. दिवसभर बिड्या ओढणाऱ्या माणसाचं उतरावं तसं. मी आधी यंत्रावर चिडले, नमुने पुन्हा लावले. आकडे तेच.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या मोरीपाशी उभ्या राहून बोटाने दातांना मशेरी लावत होत्या. लग्नाला नऊ वर्षं झाली, हे मी रोज बघतेय. त्या ती तव्यावर काळी होईपर्यंत भाजतात, तेव्हा घरभर होणाऱ्या धुराने खोकलेही आहे. म्हणजे बिडीच्या धुरातले तेच पदार्थ त्या करपलेल्या भुकटीतही असणार.

"आई, ही तंबाखूच ना?"

"तंबाखू खातात. ही दाताला लावतात," त्या म्हणाल्या. मग माझा चेहरा बघून, "म्हणजे तुझं काम अडलं का गं माझ्यामुळे?"

अडलंच होतं. मी रागावले. त्यांच्यावर, आणि मग स्वतःवर, कारण त्यांचं हे उत्तर इतकी वर्षं मलाही बरोबरच वाटत आलं होतं. थोड्या वेळाने म्हटलं, "चूळ भरा आणि आ करा बघू."

मोबाइलचा दिवा धरला. डाव्या गालाच्या आत पांढरा, खरखरीत चट्टा होता, तोंडाच्या कर्करोगाआधी येतो तसा.

"कधीपासून?"

"दोनेक वर्षं असेल. दुखत नाही, म्हणून बोलले नाही."

मला लाज वाटली. आदल्या दिवशी सहा तास समोर बसून मी त्यांना दर तासाला नळीत थुंकायला लावलं होतं, आणि प्रत्येक वेळी नळीवरचं लेबल तेवढं नीट बघितलं होतं.