तीस अंड्यांचा ट्रे आणि म्हाताऱ्याची शेवटची कुस्ती

काही घरांत जुनी वर्तमानपत्रं साठतात, काही घरांत औषधांच्या रिकाम्या बाटल्या. आमच्या नवापूरच्या अंड्यांच्या गोडाऊनमध्ये किस्से साठतात. टाकून द्यायला जीव होत नाही आणि ठेवायला जागा पुरत नाही, म्हणून अधूनमधून ते कोणाच्या तरी गळ्यात घालावे लागतात. आज तुम्ही सापडलात!

आधी मंडळी सांगतो, फार नाहीत. मी बिलं करतो. गेटवर अगदी अलीकडेपर्यंत जेकबकाका बसायचे, साठी ओलांडलेले, उजवा गुडघा कायमचा कुरकुरणारा. सुमनबाई अंडी निवडतात. हातात घेतल्याबरोबर अंड्याची कुंडली सांगतात. सलीमभाई वेल्डर, आमच्या फार्मवरचे कोंबड्यांचे सगळे पिंजरे त्यांच्या हातचे. आणि सुरतेला माल नेणारा ड्रायव्हर किशोर, जो अर्धा आमचा आणि अर्धा हायवेचा. या पाच शहाण्यांना एकच वेड: टीव्हीवरची अमेरिकेतली कुस्ती!

त्यातही दर आठवड्याची किरकोळ हाणामारी नाही. आमचं दैवत म्हणजे अधूनमधून होणारा मोठा शो, ज्याला तिकडे पे-पर-व्ह्यू म्हणतात. तिकडची रविवार संध्याकाळ म्हणजे आपली सोमवारची पहाट. नेमकी तेव्हाच सुरतेची गाडी भरायची असते. म्हणून आम्ही शो सोमवारी संध्याकाळी, काम आटोपल्यावर, पॅकिंगच्या खोलीत सगळे मिळून पाहतो.

तोवर दिवसभर निकाल कोणी ऐकायचा नाही, ऐकला तर सांगायचा नाही. हा नियम जेकबकाकांचा. ज्याच्या तोंडून निकाल फुटेल त्याने आठवडाभर सुरतेहून परत आलेले ट्रे धुवायचे. त्या ट्रेंना काय काय चिकटलेलं असतं हे मी सांगत नाही, तुम्ही जेवायला बसणार असाल.

पैलवानांची खरी नावं आमच्यापैकी कोणाच्याच जिभेवर कधी बसली नाहीत. आमच्यात टकल्या, झिपऱ्या, म्हातारा अशाच नावांवर सगळं भागतं. म्हातारा हा काकांचा पैलवान. काका गोडाऊनला लागले त्या वर्षी तो रिंगणात नवा होता, तेव्हापासून काकांनी दुसऱ्या कोणासाठी टाळी वाजवलेली नाही.

*

एकदा मी सहज बोलून गेलो की अमेरिकेत पूर्वी हा शो पाहायला घरोघरची माणसं दर वेळी वेगळे पैसे मोजायची. नावच मुळी तसं आहे!

काकांचा चेहरा पडला. "मंग आपण इतला वरीस फुकट पाह्यं? हाई बरं नही."

पुढच्या मोठ्या शोपासून आमचा स्वतःचा पे-पर-व्ह्यू सुरू झाला. तडा गेलेली अंडी गोडाऊनमध्ये कामगारांना घरी न्यायला मिळतात, त्याला आम्ही क्रॅक म्हणतो. प्रत्येकाने आपल्या वाट्याचे दोन क्रॅक द्यायचे, तरच खोलीत प्रवेश. त्याची बुर्जी व्हायची आणि इंटर्व्हलला पावाबरोबर खाल्ली जायची.

आता माणूस म्हटला की हाव आली. बुर्जी कमी पडायला लागली, तशी मोठ्या शोच्या सोमवारी अंडी जरा जास्तच हातातून निसटायला लागली. शेठ महिन्यातून एकदा येतात, पण त्यांची नजर घारीची. त्यांनी वही पुढे ओढली आणि विचारलं, "हे सोमवारीच एवढे क्रॅक कसे काय?"

मी छताकडे पाहिलं, सलीमभाईंनी चपलेकडे. काका मात्र शांतपणे म्हणाले, "शेठ, मोठा शो ऱ्हास त्या दिनले. कोंबड्यासले बी टेन्शन येस!"

*

सुमनबाईंचं एक वेगळंच आहे. त्यांना खोटं बोलता येत नाही. प्रयत्न करतात, पण कान लाल होतात आणि जे खरं तेच बाहेर पडतं.

एकदा गाडी सुरतेहून उशिरा आली. ती संध्याकाळी भरायची होती, आणि संध्याकाळीच शो! आम्ही ठरवलं, पहिली एक कुस्ती पाहू आणि मग उठू. पहिलीची दुसरी झाली, दुसरीची चौथी झाली. तेवढ्यात गोडाऊनचा फोन वाजला आणि आमचं दुर्दैव असं, की फोन सुमनबाईंच्या हाताशी होता.

"काय चाललंय?" शेठ.

"कुस्ती पाही ऱ्हायनूत, शेठ."

मग शेठ ओरडले, "आणि गाडी?"

सुमनबाईंनी खिडकीतून बाहेर पाहिलं. दाराला टेकून किशोरची रिकामी गाडी उभी होती.

"गाडी बी पाही ऱ्हायनी!"

*

तीस जणांची कुस्ती असते ती तर आमची दिवाळीच. एकेक पैलवान येत जातो, दोरावरून बाहेर फेकला गेला की संपला, शेवटी उरेल तो राजा. आता पैलवान तीस आणि अंड्याच्या ट्रेमध्ये खाचा किती? तीस! हा योगायोग आहे असं आमच्यापैकी कोणीही मानत नाही.

दर वर्षी त्या दिवशी सुमनबाई तीस देखणी अंडी निवडतात आणि त्यावर पेन्सिलीने तीस नावं पडतात. जो पैलवान बाहेर, त्याचं अंडं तव्यावर. शेवटच्या अंड्याला हळदकुंकू वाहून ते काकांच्या टेबलावर ठेवलं जातं, आणि वास यायला लागेपर्यंत कोणी हात लावत नाही.

एका वर्षी मी ट्रे पहाटेच तयार करून ठेवला. हुशारी केली म्हणायची! संध्याकाळी पाहतो तर ट्रे नाही. भरणाऱ्यांनी तो इतर मालाबरोबर गाडीत चढवला होता आणि आमचे तीसच्या तीस पैलवान सुरतेला पोचले होते.

किशोरचा फोन आला. एक दुकानदार त्याच्यासमोर हातात अंडं घेऊन उभा होता आणि विचारत होता की यावर 'टकल्या' लिहिलंय, याचा अर्थ काय, खराब माल आहे का?

सलीमभाईंनी माझ्या हातातून फोन काढून घेतला. "किशोरभाई, उनको बोलो ये ब्रँड है. एकदम खास!"

चार दिवसांनी ऑर्डर आली. दहा पेट्या, आणि खाली सूचना होती: फक्त टकल्या पाठवणे.

*

इतिहासातला सगळ्यात मोठा शो कोणता, यावर आमच्याकडे कायम भांडण असतं. काका म्हणतात, ज्यात एका पैलवानाने डोंगराएवढ्या माणसाला उचलून आपटलं तो. किशोरच्या मते, चांगला माणूस सगळ्यांसमोर उलटला आणि वाईटांना जाऊन मिळाला तो. त्या शोनंतर कुस्ती पहिल्यासारखी राहिली नाही हे मलाही पटतं, पण किशोरला पटेल ते मला पटलं असं मी त्याला कधीही सांगणार नाही.

मी आपला पिंजऱ्याचा शो धरून बसतो. जुना आहे, पण अंगावर काटा येतो. दोघं लोखंडी जाळीच्या पिंजऱ्यावर चढतात. एक जण थेट खाली टेबलावर फेकला जातो. जगबुडी झाल्यासारखी माणसं ओरडतात. तो पुन्हा वर चढतो, आणि या वेळी पिंजऱ्याचं छतच फाटून खाली कोसळतो! सलीमभाईंनी तो शो पाहिलेला नव्हता, म्हणून एका सोमवारी मुद्दाम लावला.

छत फाटलं. सुमनबाईंनी डोळ्यांवर पदर घेतला. काकांनी येशूला हाक मारली. मी दहाव्यांदा पाहत होतो, तरी मी ओरडलोच.

सलीमभाई म्हणाले, "पीछे लो."

मागे घेतलं. "और थोडा. अब रोको." ते उठून टीव्हीजवळ गेले, चष्मा वर केला आणि फाटलेल्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. बराच वेळ पाहत होते. त्या माणसाच्या धाडसाबद्दल, वेदनेबद्दल आता काहीतरी मोठं बोलणार, असं मला वाटलं.

"वेल्डिंग का टाका कच्चा!" ते हळहळून म्हणाले. "मेरे पिंजरे से आज तक एक मुर्गी नहीं गिरी!"

*

म्हाताऱ्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं त्या वर्षीची गोष्ट. काकांच्या गुडघ्याचंही तेच दुखणं, त्यामुळे ती बातमी त्यांना फारच लागली. रविवारी चर्चमध्ये त्यांनी पास्टरसाहेबांना सांगितलं की आपल्या एका माणसाचं ऑपरेशन झालंय, प्रार्थना करा.

पास्टरसाहेबांनी केली. सगळ्या मंडळीने केली. सलग चार रविवार नवापूरच्या त्या छोट्या चर्चमध्ये अमेरिकेतल्या एका पैलवानाच्या गुडघ्यासाठी माणसं डोळे मिटून उभी राहिली!

पाचव्या रविवारी पास्टरसाहेब म्हणाले, "जेकबभाऊ, मला त्यांना भेटायला जायचंय. घर कुठे?"

काकांनी टोपी हातात फिरवली. "जरासा दूर शे."

"दूर म्हणजे? विसरवाडी? पिंपळनेर?"

"त्यानाबी पुढे."

पास्टरसाहेब म्हणाले, "हरकत नाही, माझ्याकडे मोटरसायकल आहे!"

*

आणि मग म्हाताऱ्याने जाहीर केलं की पुढच्या मोठ्या शोमध्ये तो शेवटचा लढणार. त्यानंतर बूट कायमचे काढून ठेवणार.

काका त्या महिन्यात कमी बोलायला लागले. त्यांचीही गेटवरची नोकरी त्याच सुमारास संपत होती. त्यांनी एकदाच मला सांगितलं, "भाऊ, मन्ही एकच इच्छा शे. जाता जाता त्यानी जिंकीसन जावाले पाहिजे. हारीसन घर जानं बरं नही." एवढं बोलून ते गाडीचा नंबर लिहायला गेले. मला त्या दिवशी बिलात बेरीज जमली नाही, हे कबूल करतो.

तो सोमवार उजाडला. सकाळी दहाच्या आत माझ्या मोबाईलवर फोटो येऊन आदळला: म्हातारा रिंगणात आडवा, आणि वर दुसऱ्याचा हात उंचावलेला. हरला होता! मी मोबाईल खिशात घातला आणि ठरवलं, कोणाला म्हणून कळू द्यायचं नाही. काकांना तर नाहीच.

दिवसभर मी काकांशी इतका गोड वागलो की मलाच लाज वाटली. माझी गादीची खुर्ची गेटवर नेऊन दिली. थोड्या वेळाने पाहतो तर सलीमभाई त्यांच्यासाठी गरम भजी घेऊन आलेले. दुपारी सुमनबाईंनी त्यांना घरचं मच्छीचं कालवण वाढलं, आणि सुमनबाई मच्छीचा तुकडा सख्ख्या भावालाही देत नाहीत.

काका संशयाने म्हणाले, "आज मन्हा वाढदिवस शे का?"

संध्याकाळी शो लावला. किशोर सुरतेहून अजून परतला नव्हता. सलीमभाईंच्या मोबाईलचं नेट टीव्हीला जोडलेलं. काका पुढे, दोन्ही हात गुडघ्यावर. मी मागे, मेन स्विचच्या खाली. बसायला ती जागा मला अचानक आवडली होती.

म्हातारा लढला हो! पडला, उठला, पुन्हा पडला. काका त्याच्याबरोबर अर्धे खुर्चीतून उठत होते, खाली बसत होते, येशूला हाक मारत होते. शेवटी समोरच्याने त्याला उचलून आपटलं आणि त्याच्यावर आडवा पडला. पंच गुडघ्यावर बसला. त्याने तीन मोजले की खेळ खलास. हात जमिनीवर आपटला.

एक!

दोन!

मी मेन स्विच खाली ओढला.

काळोख. मग काकांनी आपली गेटवरची बॅटरी लावली आणि खोलीभर सावकाश फिरवली. माझा हात मेन स्विचवर होता. पुढे उजेड सलीमभाईंवर पडला, ते नेट बंद करून मोबाईल छातीशी धरून उभे होते. आणि कोपऱ्यात सुमनबाई, हातात टीव्हीचा उपटलेला प्लग! तिघांनाही माहीत होतं आणि तिघंही एकमेकांपासून लपवत होतो.

"काय व्हयनं?" काकांनी विचारलं.

मी घाईने हात स्विचवरून काढला. सलीमभाईंनी मोबाईल खिशात लपवला. आणि सुमनबाई, ज्यांना जन्मात खोटं बोलता आलं नाही त्या सुमनबाई, प्लग हातात उंच धरून ओरडल्या, "जिंकना! काका, तुमना म्हातारा जिंकना!"

मग काय! मी ओरडलो, सलीमभाईंनी शिट्टी मारली, आम्ही अंधारात काकांना मिठ्या मारल्या, ट्रे बडवले. काका आधी हसले, मग रडले, मग नाक पुसून पुन्हा हसले. बुर्जी थंड झाली होती, तरी सगळ्यांनी ती मेजवानीसारखी खाल्ली.

निघताना काकांनी बॅटरी बगलेत धरली आणि सुमनबाईंच्या डोक्यावर हात ठेवला.

"सुमन, सकायले पाच वाजता मी किशोरना मोबाईलवर पाह्यं, तवय तो हारना व्हता. बरं व्हयनं परत पाह्यं!"