लांबट भोकांच्या पट्ट्या

गुण्याकाका हे काही त्यांचं खरं नाव नाही. सुतार ज्याने काटकोन तपासतो तो लहानसा गुण्या ते कायम शर्टाच्या खिशात घालून फिरतात आणि दिसेल त्या वस्तूला लावून बघतात, म्हणून आम्हा सुतारमंडळींनी ठेवलेलं हे नाव. माझ्या नवऱ्याला अर्धांगवायूचा झटका आला तेव्हा ते दवाखान्यात भेटायला आले आणि "कसं वाटतंय" असं विचारायच्या आधी खाटेशेजारच्या टेबलाला गुण्या लावून मोकळे झाले. म्हणाले, "डावीकडे कललंय." मला हसू फुटलं. सहा दिवसांत पहिल्यांदाच हसले होते मी. त्यांचे उपकार मानायला मी तिथूनच सुरुवात करते.

त्यांचा धंदा म्हणजे लाकडाच्या सांध्यांना बळकटी देणाऱ्या लोखंडी पट्ट्या आणि काटकोनात वाकवलेले कोन शोधून आणायचे. दुकान नाही. एक सायकल, मागे दोन पत्र्याचे डबे आणि एक मोठा पुठ्ठा, त्यावर बटणं लावावीत तसे नमुने दोऱ्याने शिवलेले. तरुणपणी एका कारखान्यात पत्रा कापायचं यंत्र चालवायचे. कारखान्याला टाळं लागलं तरी लोखंड काही त्यांच्याने सुटलं नाही. कुठल्या गल्लीत कोणाकडे जाड पत्रा मिळतो, कोण भोकं नीट पाडतो, कोण थापा मारतो, सगळं तोंडपाठ. घरी एक थोरली बहीण, तिला ऐकू कमी येतं. तिच्याशी ओरडून बोलायची सवय लागल्यामुळे ते जगाशीही ओरडूनच बोलतात, आणि नवा माणूस उगाच दचकतो.

पंधरा वर्षं ते आमच्या शेडमध्ये येत होते, चहा पीत होते आणि एकही पट्टी न विकता परत जात होते. कारण आमचे हे. हे म्हणजे जातिवंत सुतार. एका लाकडाच्या खाचेत दुसऱ्याचं कोरलेलं टोक, म्हणजे कुसू, असं बसवायचे की मधून कागद जायची बिशाद नव्हती. "लोखंड लावलं की सुतार हरला," हे त्यांचं ब्रह्मवाक्य. गुण्याकाका त्यावर कधी चिडले नाहीत. "मिस्त्री, तुम्ही हरू नका, मी चहा पिऊन जातो," एवढंच म्हणायचे.

मग झटका आला आणि उजव्या हाताला कंप राहिला. पटाशी धरली की धार भलतीकडेच जायची. यंत्रावर लाकूड कापायला, रंधायला मी शिकले होते, पण खाच आणि कुसू हे माझ्या हातचं काम नव्हे. त्यात मुलींच्या वसतिगृहाच्या बारा दुमजली खाटांचं काम आम्ही आधीच घेऊन बसलो होतो. ह्यांनी भिंतीकडे तोंड करून सांगितलं, "काम परत कर. शेडही कोणाला तरी देऊन टाक."

हा माणूस मला पुरता ठाऊक. शेड गेली की हे त्या खाटेवरून उठायचे नाहीत. मी तडक गुण्याकाकांचं घर गाठलं.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला, "वरच्या खाटेवर किती वजनाची मुलगी झोपणार?"

"मला काय माहीत, काका?"

"मग सगळ्यात जाड मुलगी धरू, आणि तिची मैत्रीणही गप्पा मारायला वर चढली असं धरू."

पुढचे वीस दिवस ते पट्ट्या शोधत फिरत होते. बाजारात मिळतात त्या त्यांनी दोन अंगठ्यांत धरून माझ्यासमोर वाकवून दाखवल्या. "ही काय पट्टी आहे? वहीचा पुठ्ठा बरा." कुठे माल जाड तर भोकं लहान, कुठे भोकं ठीक तर कोनच वाकडा. शेवटी एका बंद गोदामातले जुन्या लोखंडी मांडण्या मोडल्या जात होत्या, तिथून त्यांनी जाडजूड कोन निवडून आणले, अगदी एकेकाला गुण्या लावून. आम्ही दोघांनी मिळून पहिली खाट जोडली. मी प्रत्येक स्क्रू जीव खाऊन आवळला. काका स्वतः वरच्या मजल्यावर चढून उभे राहिले, खाली उतरले आणि म्हणाले, "हत्ती झोपवा."

हे कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून बघत होते.

तीन आठवड्यांनी भर दुपारी शेडमध्ये काडकन आवाज झाला. जाऊन बघते तर खाटेचा खांब कोनाच्या दोन स्क्रूंच्या मधोमध उभा चिरलेला. काकांना निरोप धाडला. ते आले, चिरेत नख घालून बघत राहिले. त्यांचा तो मोठा आवाज पार खाली गेला होता. "लोखंडात काही खोट नाही, सूनबाई. मग चुकलं कुठे?"

तेव्हा कोपऱ्यातून हे बोलले. "लाकूड पुरतं वाळलेलं नव्हतं. ते आखडतं. लोखंड आखडत नाही. तुम्ही दोन्हीकडून आवळून धरलंत, मग त्याने जायचं कुठे?" मग म्हणाले, "मला पहिल्या दिवशीच माहीत होतं."

माझा पारा असा चढला की काय सांगू. तोंड उघडणार, तेवढ्यात गुण्याकाकांनी मला हाताने थांबवलं. त्यांची वीस दिवसांची पायपीट वाया गेली होती. चिडायचा पहिला हक्क त्यांचा होता. पण त्यांनी स्टूल ओढलं, ह्यांच्या समोर मांडलं आणि म्हणाले, "बरं झालं सांगितलंत. मला लोखंड कळतं, लाकूड तुम्हाला कळतं. आता काय करायचं बोला."

दुसऱ्या कोणी असं विचारलं असतं की नाही, मला शंका आहे. पाच महिन्यांत ह्यांना लोकांनी तब्येत विचारली होती, औषधं विचारली होती. लाकडाबद्दल कोणी काही विचारलं नव्हतं. मीसुद्धा नाही.

ह्यांनी एक कोन मांडीवर घेतला आणि त्यावर खडूने खूण केली. रेघ थरथरत आली. "एक भोक आहे तसं गोल राहू द्या. दुसरं आडवं लांबवा, म्हणजे लाकूड आखडलं तर स्क्रू त्याच्याबरोबर सरकेल. आणि तो स्क्रू बेताने आवळायचा." शेवटचं वाक्य माझ्याकडे बघून होतं.

अशा भोकांचे कोन कुठेही तयार मिळेनात. करून देणारे महिना सांगत होते आणि आमच्याकडे पंधरवडाच उरलेला. मग काका स्वतःच कानस घेऊन आले. आमच्याच शेडमध्ये लोखंड पकडायचा शिकंजा लावला आणि बसले घासायला. बारा खाटा, खाटेला आठ कोन, म्हणजे शहाण्णव भोकं. तळहाताला फोड आले, त्यावर फडकं बांधून घासत राहिले. हे शेजारी खुर्ची टाकून प्रत्येक भोक तपासायचे. "अजून थोडं." "हे नको, कड राहिलीय." "काका, घाई कशाची एवढी?" चौथ्या दिवशी खुर्ची राहिली बाजूला आणि हे लाकडाच्या ढिगाशी उभे दिसले, फळ्या ठोकून आवाज ऐकत, वाळलेल्या वेगळ्या काढत. मी रंधा मारायच्या निमित्ताने पाठ फिरवली आणि डोळे पुसून घेतले.

बारा खाटा वेळेवर गेल्या. त्याला दीड वर्ष झालं, एकही खांब चिरलेला नाही. मुली वर चढून काय धिंगाणा घालतात ते तिथल्या बाई सांगतात तेव्हा मला धडकी भरते, पण खाटा उभ्या आहेत.

शेवटची खाट टेम्पोत चढवली त्या दिवशी काका डबे सायकलला बांधत होते. मी त्यांना म्हटलं, "काका, तुमचे उपकार कसे फेडू तेच कळत नाही." ते नेहमीसारखं ओरडले, "चहा दिलास ना पंधरा वर्षं!" आणि पायडलवर पाय ठेवला.

हे दारात आले. शेड बंद करायचं म्हणणारा हाच माणूस. ह्यांनी कोणाचे तोंडभरून आभार मानल्याचं मी जन्मात ऐकलेलं नाही, आणि त्या दिवशीही मानले नाहीत. फक्त हाक मारली.

"काका, पुढच्या महिन्यात शंभर कोन लागतील. आणि भोकं जरा आणखी लांब ठेवा."