एल्फची बालाघाटला बदली

गुणाकर मोहरील यांना बालाघाटात ‘अर्जवाले बाबूजी’ म्हणतात. परसवाडा, बिरसा, किरनापुर अशा तीन तहसिली आणि शेवटी जिल्ह्याचं ऑफिस, मिळून छत्तीस वर्षं त्यांनी बाबूगिरी केली. रिटायर होऊन सहा वर्षं झाली, पण हाताला लागलेलं वळण काही सुटलं नाही. घरातल्या टेबलावर अजून आवक-जावक रजिस्टर असतं. किराण्याची यादी करायची तरी तिच्यावर आधी जावक क्रमांक पडतो, मग तारीख, मग ‘विषय: साखर व इतर सामान मागविण्याबाबत’, आणि तळाशी ‘प्रतिलिपी: सौ. उमा मोहरील यांना सूचनार्थ’. सौ. उमा मोहरील टेबलापासून आठ पावलांवर, स्वयंपाकघरात असतात. त्या ती यादी निमूटपणे गॅसजवळच्या खिळ्याला टोचून ठेवतात. चाळीस वर्षांच्या संसारात कशाकशावर भांडायचं नाही हे त्यांचं केव्हाच ठरून गेलं आहे.

लोकांना मात्र बाबूजींच्या या सवयीचा फायदाच झाला. बदली रद्द करायचा अर्ज जिल्ह्यात त्यांच्यासारखा कोणाला लिहिता येत नाही. मास्तर, पटवारी, नर्सबाई, सगळे त्यांच्याकडे येत. त्यांचा एक अर्ज वाचून एका साहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, ही गोष्ट ते आल्यागेल्याला सांगतात. त्या साहेबांचं त्याच आठवड्यात मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, हे सांगायचं काम उमाबाई करतात.

या नोव्हेंबरात त्यांच्या मुलाची, केदारची, बँकेने पुण्याहून बालाघाटला बदली केली. केदार आला, सून श्रिया आली, आणि सात वर्षांची ओवी आली. गुणाकरराव हरखून गेले. घरात सातही दिवस लेकरू, हे सुख त्यांना ठाऊकच नव्हतं. केदार लहान असताना ते बिरसाला होते आणि मुलगा त्यांना फक्त रविवारी दिसायचा.

पण ओवीचं मन लागेना. शाळेत सगळे हिंदीत बोलत, ती गप्प बसून घरी येई. पुण्याच्या आजीचा, म्हणजे श्रियाच्या आईचा, रोज फोन. शेवटी त्या म्हणाल्या की नाताळपर्यंत पाहा, नाहीतर पोरीला माझ्याकडे पाठवा, तिथल्या शाळेत तिची जागा अजून आहे. श्रिया नाही म्हणाली नाही. चोवीस तारखेला संध्याकाळी काय ते कळवायचं, आणि पाठवायचं झालं तर सव्वीसच्या गाडीने, असं ठरलं. त्या रात्री गुणाकररावांनी तिसरी पोळी घेतली नाही, आणि तिसरी पोळी सोडणं म्हणजे त्यांच्या हिशेबात उपासच होता.

दुसऱ्या दिवशी ओवी त्यांच्या खुर्चीशी येऊन म्हणाली, “आजोबा, इथे एल्फ येणार नाही.”

“हा कोण?”

ओवीने समजावून सांगितलं. एल्फ म्हणजे सांताचा छोटा माणूस, लाल कपडे, टोकदार टोपी. एक डिसेंबरला येतो, मुलं कशी वागतात ते बघतो. रोज सकाळी नव्या जागी सापडतो आणि काहीतरी खोडी करून ठेवलेली असते. त्याला हात लावायचा नाही, लावला तर जादू जाते. चोवीसला तो परत सांताकडे. पुण्यात दरवर्षी यायचा. “पण त्याला पुण्याचाच पत्ता माहीत आहे.”

गुणाकररावांनी चष्मा काढून पुसला. “तो नोकरीत आहे ना वं?”

“सांताच्या.”

“मंग झालं. नोकरीत आहे तर बदली होतेच. तुह्या बाबाची नाही झाली?”

ओवीने बालाघाटात आल्यापासून पहिल्यांदा कशात तरी रस दाखवला. “एल्फची पण होते?”

“आदेश निघाला पाहिजे फक्त. एक तारखेच्या आत निघते,” गुणाकरराव बोलून गेले.

ओवी खेळायला गेल्यावर श्रियाने हळूच सांगितलं, “बाबा, तो एल्फ म्हणजे बाहुला असतो. मीच ठेवायचे रोज. सामान बांधताना जुन्या पडद्यांबरोबर तो चुकून देऊन टाकला गेला. आता कसं करायचं?”

“कसं म्हंजे? नवीन नियुक्ती करू,” गुणाकरराव म्हणाले, आणि त्यांनी फाईल उघडली. वर नाव घातलं: ‘श्री एल्फ, पदस्थापना बालाघाट’. आत चोवीस दिवसांचा दौरा कार्यक्रम, जागेसह. बाहुला हलवायची वेळ पहाटे पाच, कारण त्या वेळी ते तसेही नळाचं पाणी भरायला उठतात आणि कोणाला संशय येत नाही.

जुन्या गादीचा कापूस भरून उमाबाईंनी बाहुला केला, श्रियाने नाक-डोळे काढले. कपड्यांसाठी गुणाकरराव लाल कापड घेऊन शालिकराम टेलरकडे गेले. शालिकरामने सगळी हयात साहेबांचे कपडे शिवण्यात घालवली होती.

“बाबूजी, बाहुल्याचा ड्रेस मी कधी शिवला नाही,” तो म्हणाला.

“साहेबच आहे हा. दौऱ्यावर येऊन राह्यला. शिव तू.”

शालिकरामने त्यांच्या सांगण्याचा अर्थ जसा घ्यायचा तसा घेतला. तीन दिवसांनी त्याने लाल सफारी सूट दिला, चार खिशांचा, मागे कट असलेला. उरलेल्या तुकड्याची टोपी. गुणाकररावांना त्यात काही वावगं दिसलं नाही, उलट वरच्या खिशात त्यांनी बोटाएवढी पेन्सिल खोचली.

एक डिसेंबरला एल्फ चिन्नोर तांदळाच्या पिंपावर रुजू झाला. पायाशी आदेश. ओवीने तो उचलला आणि जी हिंदी ती शाळेत टाळत होती ती अक्षर अक्षर जुळवून मोठ्याने वाचली: “उपरोक्त विषयांतर्गत लेख है कि श्री एल्फ का स्थानांतरण पुणे से बालाघाट किया जाता है.” मग वर पाहून विचारलं, “लेख है कि म्हणजे काय?”

“म्हंजे, सांता असं म्हणून राह्यला की.”

“सांताला हिंदी येते?”

“मध्य प्रदेशात पत्र पाठवाचं तर येणंच लागते.”

“आणि सफारी काहून घातला?” ओवी म्हणाली. ‘का’च्या जागी हे ‘काहून’ तिने उमाबाईंकडून कधी उचललं कोण जाणे. गुणाकररावांनी तो शब्द ऐकला आणि उत्तर द्यायचंच विसरले.

पुढचे तीन दिवस मात्र फसले. एल्फ एकदा गळक्या नळाखाली सापडला, चिठ्ठी: ‘वायसर बदलण्याची तात्काळ व्यवस्था करावी’. एकदा गच्चीच्या जिन्यात, ‘दिवा विनाकारण चालू आढळला’. तिसऱ्या दिवशी केदारच्या न उचललेल्या टॉवेलवर. ओवीने चिठ्ठी वाचली आणि न हसता ठेवून दिली.

“बाबा, एल्फने खोड्या करायच्या असतात,” श्रिया म्हणाली. “तुमचा एल्फ तपासणी करतोय.”

गुणाकररावांनी उभ्या आयुष्यात खोडी केली नव्हती. विनापरवानगी तर अजिबात नाही. म्हणून त्यांनी उमाबाईंना लेखी विचारलं की एल्फच्या वापरासाठी एक वाटी कणीक ओट्यावर सांडण्याची अनुमती मिळावी. उमाबाईंनी कागदाच्या मागे उत्तर लिहिलं: ‘कणीक मिळणार नाही. चाळलेला कोंडा घ्या. पुसाल तुम्ही.’

दुसऱ्या सकाळी ओट्यावर कोंड्याचा ढीग आणि त्यात सफारीवाला एल्फ पाय पसरून, समोर कोंड्यात उमटवलेली पावलं. ओवी हसली. त्याच्या पुढच्या दिवशी एल्फ केदारच्या बुटात बसला. हात लावायचा नाही हा नियम, तेव्हा केदार चपला घालून बँकेत गेला आणि दिवसभर काउंटरच्या मागून उठला नाही. ओवी इतकी हसली की तिला ठसका लागला. गुणाकररावांना खोडीची अशी काही गोडी लागली की एल्फने एका पहाटे त्यांचीच कवळी चहाच्या कपात ठेवली, विनापरवानगी.

शाळेतल्या चार मुली एल्फला बघायला घरी आल्या. ओवी त्याच्यासमोर हात पसरून उभी राहिली आणि म्हणाली, “छूना मत, जादू चली जाएगी. इनका ट्रान्सफर हुआ है.” आत पोहे परतणाऱ्या श्रियाचा हात थांबला. गुणाकररावांनी उमाबाईंकडे असं पाहिलं की जणू हिंदीचा शोध त्यांनीच लावला.

आणि सोळा तारखेला घात झाला.

ओवी एल्फची नवी चिठ्ठी घेऊन स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेली आणि खिळ्यापाशी थांबली. खिळ्यावर किराण्याची यादी होती. ओवीने चिठ्ठी पाहिली, यादी पाहिली, परत चिठ्ठी पाहिली. गुणाकरराव दारातून ते बघत होते. एल्फची चिठ्ठी जावक क्रमांक पंचावन्न, यादी छप्पन्न. सांताची सगळी पत्रं त्यांनी आपल्याच रजिस्टरात चढवली होती. नंबर न घालता कागद बाहेर काढायचा, हे त्यांना सुचलंच नव्हतं. चिठ्ठीखाली प्रतिलिपीसुद्धा होती, सौ. उमा मोहरील यांना सूचनार्थ.

ओवीने पाणी पिऊन घेतलं. ग्लास ठेवून निघून गेली.

“चोरी करताना कोणी पावती फाडते का?” उमाबाई म्हणाल्या.

“सवय आहे ना वं. हात आपोआप जाते.”

“जाते तर. शंभर लोकांच्या बदल्या रद्द करून देल्या त्या हातानं. केदार इवलासा होता, दर सोमवारी तुमची बॅग धरून रडे. तवा सोतासाठी एक अर्ज नाही निघाला.”

 साहेबाला काय म्हणायचं, लोक काय म्हणतील, असं करत तेव्हा सात वर्षं गेली होती. गुणाकरराव खरोखरच चुकले होते आणि त्यांना ते माहीत होतं. आता पोरीला सगळं खोटं वाटलं असणार, सव्वीसला गाडीत बसून ती जाईल, आणि परत रविवारसुद्धा हाती लागायचा नाही. तरी ते रोज पहाटे एल्फ हलवत राहिले. ओवी रोज त्याला शोधी, हसे, पण आजोबांकडे जरा जास्तच वेळ बघे.

चोवीसच्या पहाटे ते एल्फला भारमुक्त करायला, म्हणजे सांताकडे परत पाठवायला, उठले. आदेश खिशात तयार होता. आदल्या दिवशी एल्फला फ्रिजवर ठेवलं होतं. फ्रिजवर एल्फ नव्हता. त्यांनी पिंप पाहिलं, जिना पाहिला, बूट पाहिले. एल्फ त्यांच्याच खुर्चीत, त्यांच्याच टेबलाशी बसला होता. सफारीचा एक खिसा उसवला होता, आणि मांडीवर वहीचा कागद होता. गुणाकररावांनी दिवा लावला.

‘जावक क्र. ६३. प्रति, मा. सांता क्लॉज साहेब, उत्तर ध्रुव. विषय: बदली रद्द करण्याबाबत. लेख आहे की, एल्फचं इथे आत्ताच मन लागलं आहे. त्याला परत बोलावू नये. माझी पण पुण्याला बदली करू नये. आम्ही दोघं इथेच राहू. आपली, ओवी केदार मोहरील. प्रतिलिपी: १. आई-बाबा. २. पुण्याची आजी. ३. आजोबा यांना, खिसा शिवून आणण्यासाठी.’

त्यांनी रजिस्टर उघडलं. बासष्टवर त्यांच्या अक्षरात साखर आणि इतर सामान होतं. त्याच्या खाली पेन्सिलने, ओळ सोडून वर चढत गेलेल्या अक्षरात, त्रेसष्ट: ओवीकडून सांताला.

गुणाकरराव खुर्चीत बसायला गेले, मग एल्फला आठवून स्टुलावर बसले. मोहरीलांच्या घरातून घरच्यांसाठी निघालेला हा बदली रद्द करायचा पहिला अर्ज होता. नळाचं पाणी येऊन बादली भरून वाहायला लागली तरी ते उठले नाहीत. डोळे पुसून झाल्यावर त्यांनी ओवीच्या कंपासपेटीतलं हिरवं स्केचपेन घेतलं. हिरव्या शाईने साहेब लोक लिहितात, बाबूने छत्तीस वर्षांत तिला हात लावला नव्हता. त्यांनी अर्जाच्या कडेला लिहिलं ‘स्वीकृत’, आणि खाली सांताची झोकदार सही ठोकली.

उजाडल्यावर ओवी डोळे चोळत आली. एल्फकडे न बघता सरळ कागदाकडे बघून म्हणाली, “साहेबांचं उत्तर आलं?”

“हौ. आदेश निघाला. आता तो इथंच.”

“आणि मी?”

“तू बी.”

“इतक्या लवकर, आजोबा?”

गुणाकररावांनी सुई-दोरा असलेला डबा तिच्यासमोर ठेवला आणि उसवलेल्या सफारीसकट एल्फला उचलून तिच्या हातात दिलं.

“अर्ज चांगला होता,” ते म्हणाले.