बिनधास्त दाबा

गंगापूर रोडवरच्या एका हॉलमध्ये मी साउंड सांभाळतो. कार्यक्रमात लोकांची मतं मोबाइलवर घेऊन लगेच पडद्यावर दाखवणारा तो माणूस तिथं मला नेहमी भेटतो. बूट काढून, नुसत्या मोज्यांवर स्टेजवर वावरतो. पहिला प्रश्न ठरलेला: चहा की कॉफी? लोक हसत हसत आपला मोबाइल नंबर टाकतात आणि बटण दाबतात. मग तो मायेनं म्हणतो, "कुणाचं नाव कळत नाही. बिनधास्त दाबा."

गेल्या महिन्यात सिन्नरच्या एका कारखान्याचे कामगार आले होते. मशीनवर काम करताना सुरक्षित वाटतं का, असा प्रश्न होता. 'नाही'ची लाल पट्टी पार वरपर्यंत चढली. जेवणाच्या सुट्टीत मॅनेजरनं नावं मागितली. या माणसानं यादीचा पेनड्राइव्ह काढून दिला.

"अहो, नाव कळत नाही म्हणाला होतात ना?" मी विचारलं.

"नंबर चहाच्या प्रश्नालाच येतात, नंबरावरून नाव कंपनीला सापडतं," वायर गुंडाळत तो म्हणाला. "यादी सगळेच मागतात."

आज दुसऱ्या कारखान्याची माणसं आली आहेत. "बिनधास्त दाबा," तो म्हणाला. ऐकू येत नाही, म्हणून मागच्या रांगेतून कुणीतरी हात केला.

मी त्याच्या माइकचा आवाज वाढवला.