माजी सैनिक व कुटुंबीय यांना प्रवेश मोफत

माझे बाबा अमेरिकेचे सैनिक नाहीत. पाच शब्दांचं हे साधं वाक्य मला नऊ दिवस उच्चारता आलं नाही, आणि त्यामुळे न्यू जर्सीतल्या एका शांत, निरुपद्रवी तळ्याच्या गेटवर वीस-पंचवीस गाड्या अडकून पडल्या.

बाबा भारतीय लष्करातून सुभेदार म्हणून निवृत्त झाले. अठ्ठावीस वर्षं त्यांनी ट्रकांचे ताफे डोंगरात वर नेले आणि खाली आणले. अशा माणसाला मी आईसकट सहा महिन्यांसाठी पार्सिपनीला, माझ्या एका बेडरूमच्या अपार्टमेंटमध्ये आणून ठेवलं. पहिल्या आठवड्यात त्यांनी माझ्या सगळ्या टॉवेलांच्या एका मापात घड्या घातल्या. दुसऱ्या आठवड्यात मसाल्याच्या बरण्या उंचीप्रमाणे उभ्या केल्या. तिसऱ्या आठवड्यात घरात शिस्त लावण्यासारखं काही शिल्लक राहिलं नाही. पहाटे पाचला दाढी करून, बूट घालून ते सोफ्यावर बसायचे आणि मी ऑफिसला निघेपर्यंत तिथेच असायचे.

"बाबा, कुठे जायचंय का?"

"मला कुठे जायचंय? मी तुझं पार्सल आहे. नेलंस की जातो, ठेवलंस की बसतो."

ते हसून म्हणाले, पण मला लागलं. आयुष्यभर इतरांना घेऊन जाणारा माणूस! इथे गाडी मी चालवते, कुठे जायचं ते मी ठरवते, दुकानात मी बोलते. (म्हणजे कुजबुजते. फोनवर पिझ्झा मागवावा लागू नये म्हणून मी स्वयंपाक शिकले, एवढं सांगितलं तरी पुरे. आईचं यावर एक ठरलेलं वाक्य आहे: "इंग्लिश मीडियमला घातली, तर आता दोन-दोन भाषांत गप्प बसते!")

म्हणून एका शुक्रवारी संध्याकाळी मी फोनवर फिरायची ठिकाणं शोधत होते. एका तळ्याकाठच्या पार्कचं पान उघडलं आणि मी चक्क ओरडले.

"बाबा, ऐका! 'सेवेतील सैनिक, माजी सैनिक आणि त्यांचे कुटुंबीय यांना प्रवेश मोफत!'"

बाबांनी चहाचा कप खाली ठेवला. "पुन्हा वाच."

मी वाचलं.

"कुटुंबीय पण?"

"कुटुंबीय पण."

बाबा उठून उभे राहिले. ते इतके उंच आहेत हे मी तीन आठवड्यांत विसरूनच गेले होते. "म्हणजे या खेपेला मी नेतो तुम्हाला," ते म्हणाले. मग स्वयंपाकघराकडे तोंड करून, "अगं, ऐकलंस का? पुढच्या रविवारी सगळे माझ्यावर!"

मी पान जरा खाली सरकवलं. तिथे बारीक अक्षरात लिहिलं होतं, ही सवलत फक्त अमेरिकेच्या सैन्यदलांसाठी आहे.

कुठलीही सर्वसाधारण मुलगी यावर म्हणाली असती, "थांबा बाबा, माझी चूक झाली." मी फोन टेबलावर उपडा ठेवला आणि म्हणाले, "अजून चहा घेणार का?"

दुसऱ्या दिवशी सकाळी फाइल बाहेर आली. आपल्याकडच्या प्रत्येक निवृत्त माणसाकडे एक फाइल असते, आणि ती त्याच्या औषधांच्या आधी बॅगेत जाते. बाबांच्या फाइलमध्ये डिस्चार्ज बुक, पेन्शनचा आदेश, माजी सैनिकाचं कार्ड, कँटीनचं कार्ड, पासपोर्ट साइजचे आठ फोटो आणि या सगळ्याच्या तीन-तीन झेरॉक्स होत्या. प्रत्येक झेरॉक्सवर आमच्या गावच्या मुख्याध्यापकांचा सही-शिक्का. साताऱ्याजवळच्या त्या शाळेचा शिक्का अमेरिकेतल्या तळ्यावर चालेल की नाही, ही शंका घरात कुणालाच नव्हती.

आई म्हणाली, "माझं लग्नाचं सर्टिफिकेट पण घाला. आणि हिचा जन्माचा दाखला."

"माझा कशाला?"

"तू आमची मुलगी आहेस याला पुरावा काय?"

"आई!"

"मला नकोय गं पुरावा! मी होते तिथे. गेटवरच्या माणसाचं म्हणतेय."

माझ्याकडे बोलायला अजून आठवडा होता. मी तो न बोलण्यात घालवला. त्याऐवजी एक योजना आखली. आदल्या दिवशी गुपचूप ऑनलाइन तिकीट काढायचं, गेटवर खिडकीतून फोन पुढे करायचा, हळूच "थँक यू" म्हणायचं आणि सुटायचं. बाबा मागच्या सीटवर बसलेले असतील. त्यांना वाटेल, फाइलच्या नुसत्या दर्शनानंच गेट उघडलं. कुणाचं काही नुकसान नाही!

योजना चांगली होती. पण आईनं शेजारच्या बर्वे काका-काकूंनाही बोलावलं. "या हो तुम्ही पण! आमच्या ह्यांच्यावर फुकट आहे!"

बर्वे काका अमेरिकेत तीस वर्षं राहिलेत आणि या देशातला प्रत्येक नियम त्यांना पाठ आहे. शनिवारी दुपारी माझं तिकीट काढून होतंय तोवर ते दारात.

"रेवा, अगं, तो बेनिफिट फक्त इथल्या आर्मीला असतो! सुभेदारसाहेबांना सांगायला हवं."

मी त्यांना बाहेर जिन्यात नेलं आणि सगळं सांगितलं. फाइल, तिकीट, योजना. आयुष्यात मी सलग इतकं कधी बोलले नव्हते. "काका, प्लीज. फक्त गेट पार होईपर्यंत."

काकांनी छातीवर हात ठेवला. "एक अक्षर बोलणार नाही."

(काकांनी आजवर दोन सरप्राइज वाढदिवस आणि एक निरोप समारंभ आधीच फोडले होते. त्यातला निरोप समारंभ त्यांचा स्वतःचा होता.)

रविवारी बाबा नेव्ही ब्लू कोट घालून बाहेर आले. कोटावर मेडल्स. बाहेर जूनचं ऊन असं की डांबर मऊ झालेलं, आणि बाबांच्या गळ्यापर्यंत टाय!

"अहो, पिकनिकला चाललोय," आई म्हणाली.

"मी ड्यूटीवर आहे," बाबा म्हणाले, आणि बरोबर माझ्यामागे बसले. "गेटची खिडकी डाव्या हाताला येणार. कागद मी दाखवणार. तू फक्त गाडी उभी कर."

माझ्या योजनेला इथे पहिला तडा गेला. पुढे माझ्याशेजारी काका बसले. ते ओठ इतके घट्ट मिटून बसले होते की मागून काकूंनी विचारलं, "अहो, दात दुखतोय का?" काकांनी नुसती मान हलवली. तीस मैलांत काका एकदाही बोलले नाहीत. शेवटी शेवटी त्यांचा चेहरा कोकमाच्या रंगाचा झाला होता.

गेट आलं. एका छोट्या लाकडी खोलीत, टेबलफॅनसमोर, टोपी घातलेल्या एक वयस्कर बाई बसल्या होत्या. मी काच खाली केली. मागे बाबांनीही काच खाली केली. त्या बाईंना एकाच गाडीतून एकाच वेळी दोन हात बाहेर आलेले दिसले. पुढच्या हातात फोन, मागच्या हातात फाइल.

"तिकीट..." मी म्हणाले.

"काय म्हणालीस, हनी? ऐकू नाही आलं."

"तिकी..."

"गुड मॉर्निंग, मॅडम!" मागून असा आवाज आला की शेजारच्या लेनमधली गाडीसुद्धा थांबली. "सुभेदार, इंडियन आर्मी, रिटायर्ड! विथ फॅमिली!"

बाई हसल्या. चांगल्या स्वभावाच्या होत्या, तिथेच घात झाला. त्यांनी माझा फोन सोडला आणि आदरानं दोन्ही हातांनी फाइल घेतली. टेबलावर ठेवली. टेबलफॅनसमोर. उघडली.

अठ्ठावीस वर्षांची देशसेवा एका सेकंदात हवेत उडाली!

"माझं लग्न!" आई किंचाळली आणि दार उघडून धावली. बाबा उतरले, काकू उतरल्या. कँटीनचं कार्ड गवतात, पेन्शनचा आदेश कुणाच्या तरी गाडीच्या टपावर बांधलेल्या नावेत. मागच्या गाड्यांमधली माणसंही उतरून कागद पकडायला लागली. शॉर्ट्समधले आजोबा, एक बाळाला कडेवर घेतलेली बाई, दंडभर गोंदवलेला एक मोटरसायकलवाला. त्यानं बाबांचं डिस्चार्ज बुक पकडलं, दोन पानं वाचली आणि बाबांना अदबीनं सांगितलं की आपला दोघांचा रक्तगट एकच आहे.

मी जागची हलले नव्हते. फोन पुढे केलेला हात अजून खिडकीबाहेर तसाच होता.

बाई खोलीतून बाहेर आल्या, बाबांसमोर उभ्या राहिल्या आणि फार हळुवारपणे बोलायला लागल्या. "सर, तुमच्या सेवेबद्दल मनापासून आभार. पण मला सांगायला वाईट वाटतंय की..."

त्यांना पुढचं बोलावं लागू नये म्हणून असेल किंवा चाळीस मिनिटांचा दाब असह्य झाला म्हणून असेल, माझ्या शेजारी काकांचा बांध फुटला. त्यांनी खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढलं.

"तिनं तिकीट काढलंय! रेवानं! काल ऑनलाइन! तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं! मी बोलणार नव्हतो!"

टेबलफॅन तेवढा फिरत होता.

बाबा माझ्या खिडकीपाशी आले. हातात चुरगळलेल्या झेरॉक्सचा गठ्ठा. "इथे मला सवलत नाही?"

मी मान हलवली. "फक्त त्यांच्या सैनिकांना आहे, बाबा."

"पहिल्या दिवसापासून माहीत होतं?"

"दुसऱ्या मिनिटापासून."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही उभे राहिला होतात," मी म्हणाले. याहून चांगलं उत्तर मला आजही सुचलेलं नाही.

बाबांनी कागद सरळ केले. गाडीच्या टपावर आपटून चारी कोपरे जुळवले. मग म्हणाले, "अठ्ठावीस वर्षं नोकरी केली. रजा मागितली, नाही. बदली मागितली, नाही. तेरा हजार फुटांवर आंघोळीला गरम पाणी मागितलं, नाही! एवढे 'नाही' पचवून मी ताठ उभा आहे, आणि तुला वाटलं, एक तळं 'नाही' म्हणालं की मी आडवा होईन?"

"सॉरी, बाबा."

"त्यांच्या तळ्यावर त्यांची माणसं फुकट. बरोबरच आहे. आपणही आपल्या कँटीनमध्ये त्यांना घेत नाही."

मला हसू आलं आणि त्याच वेळी डोळ्यात पाणी आलं. मागे कुणीतरी हॉर्न वाजवला. बाबांनी नुसता हात वर केला, हॉर्न बंद.

"आता तिकीट आहे ना तुझ्याकडे? मग दाखव. आणि मोठ्यानं बोल. मला इथे ऐकू आलं पाहिजे."

मी श्वास घेतला. वयाची सव्वीस वर्षं, दोन भाषा आणि नऊ दिवसांची न बोललेली सगळी वाक्यं मागून ढकलत होती. "गुड मॉर्निंग!" मी ओरडले. "आम्ही पाच जण! आमच्याकडे तिकीट आहे!"

तळ्यावरचे हंस उडाले. आईनं काकूंचा दंड धरला. "बोलली!"

बाईंनी खोलीत परत जाऊन कौतुकानं माझा फोन यंत्राखाली धरला. यंत्रानं नाराज आवाज काढला. त्यांनी पुन्हा धरला. पुन्हा तोच आवाज. मग त्यांनी चष्मा वर केला आणि स्क्रीनकडे बारकाईनं पाहिलं.

"हनी," त्या म्हणाल्या, "हे कालचं आहे."

शनिवारी काढताना मी तारीख बदललीच नव्हती! काकांनी तोंड उघडलं. बाहेरून काकूंचा हात आला आणि त्यांच्या तोंडावर बसला.

बाबांनी कोटाच्या आतल्या खिशातून पाकीट काढलं, त्यातून नव्या कोऱ्या डॉलरच्या नोटा काढल्या आणि खिडकीत ठेवल्या. टेबलफॅनपासून लांब, वर हाताचा पंजा दाबून. इस्त्री केल्यासारख्या त्या नोटा बघून बाईसुद्धा सावरून बसल्या.

"फाइव्ह पर्सन्स, मॅडम," बाबा म्हणाले. "ऑल विथ मी."

गेटचा दांडा वर गेला. गवतातल्या माणसांनी टाळ्या वाजवल्या. बाबांनी कडक सलाम ठोकला आणि आई-काकूंमागोमाग आपल्या जागेवर येऊन बसले. आरशात मला त्यांचा चेहरा दिसला. घामानं डबडबलेला, टाय वाकडा, आणि इतका खूश, की मी पहिल्याच दिवशी खरं सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं, हे मला कळेना.

मी गाडी सुरू करत असताना बाईंनी वाकून माझ्याकडे बोट केलं आणि मागे विचारलं, "ही तुमची मुलगी?"

"येस, मॅडम," बाबा म्हणाले. मग जरा थांबले. कालची तारीख, न बोललेलं वाक्य, चुरगळलेली फाइल, सगळं त्यांच्या डोळ्यांसमोरून गेलं असावं.

"बट सिव्हिलियन."

आमच्या घरात याहून मोठी शिवी नाही. मी ती स्वीकारली, ब्लिंकर लावला आणि सगळ्या कुटुंबाला घेऊन तळ्याऐवजी थेट बाहेर जायच्या लेनमध्ये शिरले.