साठाव्या सेकंदाची नोंद

भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नव्हता, आजही नाही. मी माहीमच्या कोळीवाड्यातली, बोईसरच्या एका केमिकल कंपनीत सर्व्हर सांभाळते. जे लॉगमध्ये, म्हणजे मशीनच्या नोंदीत नाही, ते घडलंच नाही, असं मानणारी बाई आहे मी.

माझा दादा याच कंपनीत ऑपरेटर होता. २०१७ च्या एक जानेवारीला पहाटे रिअ‍ॅक्टरचं प्रेशर वाढलं. दादाने इमर्जन्सी बटण दाबलं, पण व्हॉल्व्ह अडकला आणि दोघं कामगार भाजले. तो व्हॉल्व्ह बदला म्हणून दादाने तीनदा लिहून दिलं होतं... प्लांटच्या साहेबाने टाळलं.

आता गंमत बघा. पृथ्वी अणुघड्याळापेक्षा किंचित मागे पडते, म्हणून कधीतरी जगभरच्या घड्याळांत एक सेकंद वाढवतात. त्या पहाटे आपल्याकडे ५:२९:५९ नंतर ५:२९:६० आले, मग साडेपाच. दादाने बटण नेमकं त्या साठाव्या सेकंदाला दाबलं. मेल्या साहेबाने चौकशीत लॉगमधली ती ओळच उडवली. म्हणे, "साठ सेकंद कधी असतात का? कचरा आहे तो." मग उरलं काय? ऑपरेटर झोपला होता!

दादाला काढलं. "मी दाबलं गं, बाय," एवढंच म्हणत दोन वर्षांत कुढून गेला. मी मुद्दाम त्याच कंपनीत चिकटले. सूड घ्यायला म्हणा हवं तर.

गेल्या वर्षी साहेब फर्स्ट शिफ्टसाठी पहाटे पाचला येऊ लागला, आणि पहिल्याच दिवशी प्लांट बंद पडला. लॉग उघडला – ५:२९:६०, इमर्जन्सी स्टॉप, दादाचा नंबर. तीनदा वाचली मी ती ओळ! २०१७ नंतर असा सेकंद कुणी वाढवलेलाच नाही, आणि दादाचं लॉगिन केव्हाच काढून टाकलंय. बाहेरचे इंजिनीअर येऊन डोकं खाजवून गेले. साहेब रजेवर असला की प्लांट सुरळीत, आला की बंद.

शेवटी त्याने मला केबिनमध्ये बोलावलं. "तूच करतेस ना? हात जोडतो, थांबव."

"मी नाय करत, साहेब. आणि साठ सेकंद कधी असतात का?"

तोंड पांढरं पडलं त्याचं. काय बरं वाटलं म्हणून सांगू! आठवड्याभरात त्याने सगळं खरं लिहून दिलं, दादाचं नाव साफ झालं.

तरी प्लांट बंद पडतोच आहे. कोण दाबतं, कसं दाबतं, मला आजही कळलेलं नाही. आई रडत म्हणाली, "झालं ना आता? थांब म्हन त्याला."

मी दादाच्या फोटोपुढे गेले आणि म्हटलं, "दाब, दादा."