सांडायचं तर परातीत

सुमनमावशी गेल्याचं मला जेवणाच्या सुट्टीत कळलं. मी अंबडच्या एका कारखान्यात तयार मालाची तपासणी करते. आत मोबाईल नेता येत नाही, दाराशी कप्प्यात ठेवावा लागतो. त्या दिवशी तो काढला तर सोसायटीच्या ग्रुपवर एकाखाली एक जोडलेले हात. कोण गेलं ते शोधायला बरंच वर जावं लागलं... मावशी चार दिवसांसाठी नांदगावला भावाकडे गेल्या होत्या, तिथेच सकाळी चहा घेता घेता संपल्या. मी डबा न उघडताच परत कामाला लागले. संध्याकाळपर्यंत एकही सदोष नग माझ्या नजरेस पडला नाही. असं कधी होत नाही. त्या दिवशी मी नुसती बघत होते, तपासत नव्हते.

इंदिरानगरात आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर मावशी एकट्या राहायच्या आणि तीन-चार लहान मुलं सांभाळायच्या. दारावर पाटी नव्हती, आत खेळणीही फारशी नव्हती. एक पितळी परात होती, लग्नघरी कणीक मळायला काढतात तेवढी मोठी, काठावर त्यांच्या वडिलांचं नाव कोरलेलं. दहाच्या सुमाराला जुन्या चादरीवर ती परात यायची. एका मुलाचे हातपाय धुऊन, पंच्याने कोरडे करून मावशी त्याला चक्क परातीत बसवायच्या आणि मांडीत वाटी द्यायच्या. मग ते मूल स्वयंपाक करायचं. पोळी कुस्करायची, मटार सोलायचे, केळं चेचायचं, द्राक्षं घडापासून सोडवायची. बाकीची चादरीवर बसून आपल्या पाळीची वाट बघायची. सांडलेलं सगळं परातीतच राहायचं आणि नंतर गच्चीवर चिमण्यांना जायचं. सकाळी आईमागे रडणारं मूलही तिथेच बसायचं. "रड, पन परातीत रड. सांडायचं तर परातीत," मावशी म्हणायच्या. माझ्या आईने हे एकदा पाहिलं आणि अन्नाच्या भांड्याला पाय लावतात म्हणून नाक मुरडलं, तर मावशी शांतपणे म्हणाल्या, आजून त्या पायांना कुटलं पाप लागलंय?

मला तरी हे सगळं पटत होतं असं नाही. फरशीवर एक दाणा दिसला तरी मला चैन पडत नाही. चूक शोधणं हा माझा पोटापाण्याचा धंदा, आणि तो रोज संध्याकाळी माझ्याबरोबर घरी येतो. पण ओवी, माझी लेक, तिथून घरी आली की "मी लाडू केला" म्हणून नाचायची. ती अडीच वर्षांची असताना एका रविवारी मलाही हुरूप आला. मोबाईलवर बघून दही, गूळ, कणीक असं सगळं मांडलं आणि कणकेचा अख्खा डबाच तिच्या पुढ्यात ठेवला. फ्रीजमधून दूध काढून वळले तर ओट्यापासून दारापर्यंत कणीक, त्यावर दही, आणि पापण्यांपर्यंत पांढरी झालेली ओवी माझ्याकडे बघून हसतेय. मी तिच्या हातावर फटका मारला. जोरात नव्हता... असं मी स्वतःला फार वेळा सांगितलं आहे. ती रडली नाही. तिने दोन्ही हात पाठीमागे नेले.

दुसऱ्या दिवशी मी मावशींना जाऊन सुनावलं, की पिठात हात घालायची सवय तुम्ही लावलीत. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय! मावशी एवढंच म्हणाल्या, "बरं बाई." मी ओवीला दुसऱ्या, चकचकीत पाळणाघरात घातलं. तिथल्यांची काहीच चूक नव्हती. पण ओवीने अन्नाला हात लावणं सोडलं. पोळी पुढे केली की हात मागे जायचे आणि तोंड उघडायचं. डॉक्टर म्हणाले, वजन छान आहे, भरवत राहा, येईल ताळ्यावर. नवऱ्यालाही ते पटलं. हे कोणत्या दिवसापासून सुरू झालं, ते फक्त मला माहीत होतं आणि मी ते कुणाला सांगितलं नाही.

असे दोनेक महिने गेले. एका संध्याकाळी आम्ही परत येताना मावशींचं दार उघडं होतं. ओवी उंबऱ्यावर बसली ती हलेचना. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मावशी आत गेल्या. परात आणली, ओवीचे पाय धुतले, तिला आत बसवलं आणि मला म्हणाल्या, "तुमी बी बसा. हात धुऊन." ओवीच्या वाटीशेजारी त्यांनी पोळी ठेवली. ओवीचे हात मागेच. मावशींनी तिला गोंजारलं नाही, आग्रह केला नाही. पोळी माझ्या हातात देत म्हणाल्या, "कुस्करा. आन सांडा जरा." मी कुस्करायला लागले, आणि आयुष्यात पहिल्यांदा मुद्दाम सांडलं. ओवी ते पडलेले तुकडे बराच वेळ बघत होती. मग तिचा एक हात पुढे आला. तिने एक तुकडा उचलून वाटीत टाकला. मग दुसरा... मावशींनी चिमूटभर गूळ आणि चमचाभर कोमट तूप घातलं. ओवीने वेडावाकडा लाडू वळला आणि स्वतःच्या हाताने खाल्ला. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिले.

निघताना मावशी म्हणाल्या, "पोराच्या हाती डबा नाय द्यायचा. मुठीत मावंल तेवढंच द्यायचं. मंग सांडून सांडून किती सांडंल?" त्या वेळी मी म्हणायला हवं होतं, मावशी, माझं चुकलं. मी विचारलं, उद्यापासून पाठवू का? पाठवा की, त्या म्हणाल्या. पुढे दीड वर्षं रोज संध्याकाळी मी त्या दारात उभी राहिले. दिवाळीला साडी दिली, मोसमात द्राक्षं दिली. ते दोन शब्द तेवढे दिले नाहीत. दुसऱ्यांच्या चुकांवर खूण करणारी मी, स्वतःची चूक मात्र हातात घेऊन फिरत राहिले.

तीन आठवड्यांनी मावशींचा मुलगा पुण्याहून घर आवरायला आला. शेजाऱ्यांनी आठवण म्हणून काहीतरी न्यावं, असं त्याने सांगितलं. मी परात मागितली. "मीपण बसलोय हिच्यात," तो म्हणाला आणि ती स्वतः वर आणून दिली.

गेल्या रविवारी सकाळी ओवीने लाडूचा हट्ट धरला. चार वर्षांची ओवी आता परातीत मावत नाही. मी चादर अंथरली, ती परातीला टेकून बसली. रात्रीच्या पोळीतला मुठीत मावेल एवढा तुकडा मी तिला दिला आणि तूप कोमट करायला उठले. मागून ती म्हणाली, "आई, मावशी गुळाचा खडा आधी खायला द्यायची." मी खडा दिला आणि मला रडू फुटलं. इतके दिवस आलं नव्हतं, ते त्या गुळाच्या खड्याने आलं. ओवी घाबरली नाही. उठून तिने मोरीतून ओला पंचा आणला आणि माझे पाय पुसायला लागली.

"काय करतेस?"

"तू परातीत बस ना. तिथे रडलेलं चालतं."

मी बसले. गुडघे पार हनुवटीशी आले. ओवीने आपल्या तुकड्यातला अर्धा मला दिला. आम्ही कुस्करत होतो, सांडत होतो, आणि मध्येच मी तिला सांगून टाकलं, की तू लहान होतीस तेव्हा कणीक सांडली म्हणून मी तुझ्या हातावर मारलं होतं. माझं चुकलं.

ओवीला ते आठवतही नव्हतं. "कुठल्या हातावर?" तिने विचारलं आणि गुळाने चिकट झालेले दोन्ही हात माझ्यापुढे धरले.